राक्षसिणीच्या केसांतला कोंडा

४ फेब्रुवारी

ताई,

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळं ठीक आहे. गुडघा सोडला तर बाबा मजेत आहेत. फोन करायचा सोडून मी पत्र लिहितेय, कारण माझा घसा बसलाय. घशाच्या डॉक्टरीणबाईंनी तोंड बंद ठेवायला सांगितलंय. कुजबुजायचंसुद्धा नाही, कुजबुजल्याने म्हणे घशाला जास्तच ताण पडतो. टिटवीची चोच बांधली, असं बाबा अख्ख्या जिन्याला सांगत सुटलेत.

मी गळ्यात पाटी अडकवून घरभर हिंडते. काल तिच्यावर ‘गॅस बंद करा’ लिहून बाबांच्या नाकासमोर धरली. त्यांनी चष्म्याशिवाय ते ‘गप्प बसा’ असं वाचलं आणि दुपारपर्यंत माझ्याशी अबोला धरला. मीही गप्प, तेही गप्प, आणि दूध करपलेलं.

तू म्हणशील, आपलं बोलणं दीड वर्षापासून बंदच आहे, मग आजच काय एवढं अडलंय. खरं आहे. पण तेव्हा मला बोलता येत होतं आणि मी बोलत नव्हते. आता बोलता येत नाही, तर नेमकं तुझ्याशीच बोलावंसं वाटतंय. माझं डोकं पहिल्यापासून उलटंच चालतं, हे तुला नवीन नाही.

त्या कार्टून सिनेमाचं काम अजून संपलेलं नाही. माझं अर्धं रेकॉर्डिंग झालंय, अर्धं घशापायी अडकलंय. तू स्टुडिओच्या व्हरांड्यात जे बोललीस ते मला शब्दन् शब्द पाठ आहे. ‘ही परीकथा नाही, परीकथेला घातलेला विदूषकाचा डगला आहे.’ संहिता तू त्या पोरीच्या हातात परत दिलीस, चहाचा कपही न संपवता जिना उतरलीस, आणि महिन्याभरात नातीला सांभाळायला म्हणून मुलाकडे निघून गेलीस. जाताना बाबांना भेटलीस. मी बाजारात गेले होते, ती वेळ साधून.

त्या पोरीचा, म्हणजे आमच्या दिग्दर्शिकेचा, मला तरी राग येत नाही. ती आपला रेडिओवरचा रविवारचा कार्यक्रम ऐकत मोठी झाली. तू निवेदन करायचीस आणि राजकन्या व्हायचीस, मी उरलेलं सगळं, म्हणजे राक्षस, घोडे, म्हाताऱ्या आणि करकरणारी दारं. तिला सगळ्यांत आवडायची ती आईची गोष्ट. जंगलात वाट चुकलेली मुलगी, नदीएवढ्या लांब केसांची राक्षसीण. ‘माझे केस विंचरत बस. उजाडेपर्यंत हात थांबला नाही तर सोडीन, थांबला तर खाईन.’ मुलगी विंचरत राहते. कंगवा मोडतो. मग ती बोटांनी विंचरते, आणि उजाडतं. एवढीच गोष्ट.

आता सिनेमात राक्षसिणीच्या डोक्यात कोंडा आहे, तिचे केस गळतायत आणि त्याने तिची झोप उडालीय. मुलगी तिला तेलाच्या बाटल्या विकायला बघते. राजपुत्र येतो तो केस कापायचं सामान घेऊन. मान्य, टिंगल आहे. पण टिंगल केली म्हणून ती गोष्ट राहिलीच नाही, हे मला तेव्हा पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही. भांडायला म्हणून हे लिहीत नाही. लिहायला घेतलं की भांडण आपोआप येतं.

बाबा दर रविवारी तुझ्याशी फोनवर बोलतात, तेव्हा मी शेजारी बसून भाजी निवडते. एकच मेथीची जुडी मी तासभर निवडते, हे त्यांच्याही लक्षात आलंय.

टिटवी

१७ फेब्रुवारी

ताई,

तुझं उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं, पण पोस्टमनच्या वाटेकडे बघितलं नाही असं कसं म्हणू.

घसा बसलाय असं मागे लिहिलं होतं. ते खोटं नव्हतं, पण पुरतंही नव्हतं. माझ्या स्वरतंतूवर गाठ होती. गेल्या आठवड्यात ती काढली. तोंडातूनच काढतात, बाहेर टाकेबिके काही नाहीत. भूल द्यायच्या आधी नर्सने विचारलं, ‘तुम्ही काम काय करता?’ मी पाटीवर लिहिलं, ‘बोलते.’ तिला वाटलं, मी तिची चेष्टा करतेय.

आता मुक्याचं व्रत आणखी कडक झालंय. खोकलासुद्धा गिळायचा. घरात बसून डोकं फिरेल म्हणून काल स्टुडिओत जाऊन आले. त्यांनी सिनेमाचा कच्चा जोड तयार केलाय, म्हणजे चित्रं पुरी रंगलेली नाहीत, पण गोष्ट सुरुवातीपासून शेवटपर्यंत दिसते. दिग्दर्शिका, आपला ध्वनिमुद्रक कानसेन आणि मी, असे तिघं बसलो. कानसेनने तुझी चौकशी केली. मी खांदे उडवले. तो म्हणाला, ‘मोठ्या बाईंसारखा श्वास घेणारं माणूस मी दुसरं बघितलं नाही. एकही श्वास कापावा लागायचा नाही.’ तुला कळवलं. कौतुक दाबून ठेवण्याइतकी मी वाईट नाही.

बघता बघता कंगवा मोडायची जागा आली. मुलीचे हात दुखून आलेत, मागे जंगल काळं होत चाललंय, आणि कट् करून कंगवा मोडतो. लगेच राक्षसीण, म्हणजे मी, म्हणते, ‘यावर तर वर्षभराची हमी होती.’ दिग्दर्शिका हसली, कानसेन हसला. माझा स्वतःचाच आवाज होता, मी तो चांगला लावलाही होता, आणि मला ते ऐकवेना.

मी पाटीवर लिहिलं, ‘इथे विनोद नको.’

ती म्हणाली, ‘मावशी, अहो, हीच तर हमखास हशाची जागा आहे.’

मी लिहिलं, ‘मुलगी मरणार आहे की नाही?’

‘मरते कशाला? कार्टून आहे ते.’

‘हे त्या मुलीला माहीत आहे का?’

तिने पाटी दोनदा वाचली. कानसेनने हेडफोन काढून गळ्यात घातले आणि तो खिडकीबाहेर बघायला लागला. वाद रंगला की तो असंच करतो, तुला माहीतच आहे. मग ती म्हणाली, ‘ते वाक्य बंद करून दाखवा जरा.’ त्याने दाखवलं. कंगवा मोडतो, आणि पुढे काही नाही. मुलगी हातातल्या तुकड्यांकडे बघते. राक्षसिणीचे खांदे हळूहळू वळायला लागतात. आम्ही तिघंही हललो नाही.

दिग्दर्शिका म्हणाली, ‘विचार करते.’ म्हणजे चिडली होती. माझा निरोप न घेता दुसऱ्या खोलीत गेली.

बसमध्ये माझ्या लक्षात आलं, की हे तर तुझंच म्हणणं. ‘ज्या गोष्टीत कुणालाच भीती वाटत नाही, ती गोष्ट नव्हे, चुटका.’ व्हरांड्यात तू हेही म्हणाली होतीस, आणि मी तुला जुनाट म्हणाले होते. आता फार खूश होऊ नकोस. एक वाक्य काढलं म्हणून बाकीच्या कोंड्याला माझी हरकत नाही.

तुझी टिटवी (सध्या मुकी)

२४ फेब्रुवारी

ताई,

आज भांडण नाही.

गाठ तपासणीला पाठवलीय. निकाल यायचाय. उद्या येईल, परवा येईल, असं सांगतात आणि येत नाही. डॉक्टरीणबाई तोंडावर काही दाखवत नाहीत. त्यांचं ते कामच आहे, पण मी आयुष्यभर आवाजावरून माणूस ओळखत आले, आणि त्यांचा आवाज मला जरा जास्तच सपाट वाटला. बाबांना मी ‘साधी गाठ’ एवढंच सांगितलंय. तूही फोनवर काही विचारू नकोस. विचारलंस तर ते जाणतील, आणि मग ते माझ्याकडे बघत बसतील. मला ते सोसायचं नाही.

दिवसभर करायला काही नसतं. कपाटं लावून झाली. आरशापुढे तोंड उघडून बसते, जणू आतलं काही दिसणार आहे. काल हसू यावं म्हणून सिनेमाचा तो कच्चा जोड लॅपटॉपवर लावला. दिग्दर्शिकेने पाठवलाय, सोबत ‘मावशी, वाक्य काढलं’ एवढीच ओळ. कोंड्याचा विनोद झाला, तेलाच्या बाटल्या झाल्या, राजपुत्राची कात्री झाली. एकेक गंमत मला कळत होती. हिच्यावर इथे हसू येतं, तिच्यावर तिथे. पण मी हसले नाही. विनोद माझ्याकडे बघून डोळा मारत होते आणि मला वाटत होतं, अरे, मारा डोळे, पण माझा हात कुणीतरी धरा.

मग मी तो बंद केला आणि आईची गोष्ट मनात म्हणायला लागले. ती मला सरळ येईचना. दर दोन वाक्यांनी मीच मध्ये काहीतरी वाकडं घालत होते. मला ती सरळ कधी येतच नव्हती बहुतेक. ती तुझी होती.

तू जिंकलीस असं समज हवं तर. मला एवढंच हवंय, की ती गोष्ट मला सरळ सांग. पत्रात लिही. मधे काही घालू नकोस, समजावू नकोस, काळजी करू नकोस असंही लिहू नकोस. जंगलापासून सुरू कर आणि उजाडलं की थांब.

तुझी
टिटवी

१ मार्च

ताई,

तू पत्र लिहिलं नाहीस, फोन केलास. तोही बाबांच्या फोनवर, भर दुपारी, रविवार नसताना. बाबा म्हणाले, ‘मोठी म्हणतेय, धाकटीच्या कानाला लावा आणि तुम्ही गप्प बसा.’ मग मला काही ऐकू येत नाही असं समजून त्यांनी फोनचा मोठा आवाज लावला आणि स्टूल ओढून स्वतःही बसले.

नमस्कार नाही, कशी आहेस नाही. ‘एक होतं जंगल,’ म्हणालीस, आणि थेट आत गेलीस.

मी काही बोलू शकत नव्हते, हे किती बरं झालं. बोलता येत असतं तर तिसऱ्या वाक्याला मी राक्षसिणीचा आवाज काढला असता. आता मला ऐकावंच लागलं. इतकी वर्षं तुझ्या शेजारच्या माइकवर उभं राहूनही मी ती गोष्ट कधी ऐकलीच नव्हती. माझं सगळं लक्ष आपली वाक्यं कधी येतात इकडे.

कंगवा मोडला तिथे तू थांबलीस. इतकी थांबलीस, की बाबांनी फोन तुटला का म्हणून तो उचलून बघितला. मग तुझ्या मागून बारका आवाज आला, ‘आजी, मग?’ आणि तू म्हणालीस, ‘मग बोटांनी.’ ताई, त्या वेळी मी बाबांचा हात धरला होता. तो मी धरला की त्यांनी, आठवत नाही.

उजाडलं आणि तू फोन ठेवलास. ते बरं केलंस.

मग बाबा जे बोलले ते तुला सांगायला हे पत्र. ते म्हणाले, ‘मोठी अगदी तशीच सांगते. तुझी आई तिला तशीच सांगायची.’ मी पाटीवर लिहिलं, ‘मला नाही सांगितली तशी.’ आठव, आई मला गोष्ट सांगायची तेव्हा राक्षसिणीची मान अवघडलेली असायची. ती मुलीला म्हणायची, जरा डावीकडे खाजव. मी हसून हसून अंथरुणातून पडायचे, आणि तू पलीकडे अभ्यास करता करता ओरडायचीस, ‘आई, ती अशी नाहीये.’ मला वाटायचं, तुला माझा हेवा वाटतो.

बाबा म्हणाले, ‘तू नव्हतीस तेव्हा. मोठी चार वर्षांची असेल. ताप उतरेना. मी बेकरीत, रात्रपाळीला भट्टीवर. रजा मागितली तर उद्यापासून येऊच नको म्हणाले असते. तुझी आई एकटी. मोठी झोपली की ती घाबरायची, जागी ठेवायला बघायची, गोष्ट सांगत केस विंचरत बसायची. एका सकाळी मी आलो, तर कंगवा खाली पडलेला, आणि ही पोरीच्या केसांतून बोटं फिरवतेय. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाली, उजाडलं का? मी म्हटलं, हो. तेव्हा तिने हात काढला.’

त्या दिवसापासून तुझा ताप उतरणीला लागला म्हणे.

तुला हे माहीत होतं का? मला वाटतं नसावं. बाबांनी मलाही आजवर सांगितलं नव्हतं. मी पाटीवर विचारलं, ‘मग मला हसवत का सांगायची?’ ते म्हणाले, ‘तू धडधाकट होतीस. वर बडबडी. तिची सुटका झाली होती ना त्या राक्षसिणीच्या तावडीतून. सुटलेलं माणूस मागे वळून वाकुल्या दाखवणारच.’

आणखी एक. उठता उठता बाबा म्हणाले, ‘निकाल शुक्रवारी मिळेल म्हणाल्या डॉक्टरीणबाई. मी येतो बरोबर.’ त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं. माझ्या आधी तेच दवाखान्यात विचारून आले होते. आणि मी इकडे मेथी निवडत नाटक करत होते.

टिटवी

५ मार्च

ताई,

निकाल बाबांनी तुला दवाखान्याच्या पायरीवरूनच कळवला. तू त्यांना झापलंस, की इतके दिवस मला कुणी काही नीट सांगितलं का नाही. ते फोन माझ्या कानाला लावून उभे होते, म्हणजे झापणं मी ऐकलं. छान झापलंस. आवाज थोडा फाटला मधे, कानसेनला चालला नसता.

पण त्याच्या आधीचं त्यांनी तुला सांगितलं नसणार, म्हणून लिहिते.

डॉक्टरीणबाईंनी कागद बघितला, बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, ‘साधी गाठ आहे. वाईट काही नाही.’ बाबा म्हणाले, ‘म्हणजे?’ त्या म्हणाल्या, ‘म्हणजे काही नाही. गेली ती.’ बाबा पुन्हा म्हणाले, ‘म्हणजे?’ त्या बाईंनी खुर्ची पुढे ओढली, बाबांच्या गुडघ्यापाशी वाकल्या आणि लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं, ‘आजोबा, तुमची मुलगी बरी आहे.’ पहिल्यांदाच तो आवाज सपाट नव्हता.

बाहेर आलो. लिफ्टसमोर रांग होती. बाबा गुडघ्याचं विसरून जिन्याने उतरायला लागले आणि पहिल्याच वळणावर पायरीवर बसले. मला वाटलं, चक्कर आली. मी वाकून बघितलं, तर ते भिंतीकडे बघत म्हणाले, ‘एवढी घाबरवली, आणि शेवटी राक्षसिणीच्या डोक्यात कोंडाच निघाला.’

ताई, आम्ही दोघं त्या पायरीवर किती वेळ हसलो, विचारू नकोस. मला आवाज काढायची बंदी, म्हणून मी नुसती हलत होते आणि डोळ्यांतून पाणी. येणारे-जाणारे हळहळत बाजूने जात होते. एका बाईने मला पाण्याची बाटली दिली आणि म्हणाली, ‘धीर धरा.’ त्यावर बाबा आणखी हसले.

आठवड्यापूर्वी त्याच कोंड्यावर मला हसू फुटत नव्हतं. विनोदात काही बदल झाला नव्हता. मीच तेव्हा आत होते आणि आता बाहेर आले होते. म्हणून आता माझं म्हणणं असं आहे, बघ पटतं का. तुझी गोष्ट उजाडायच्या आधी सांगायची. माझी उजाडल्यावर. उजाडल्यावरचीला खोटी म्हणू नकोस, कारण ती सांगणाराही रात्रभर विंचरूनच आलेला असतो. पण ज्याने रात्र काढलीच नाही आणि नुसता बाहेर उभा राहून खिदळतो, त्याची ती गोष्ट नव्हे, हे मात्र तुझं मला मान्य. आमच्या सिनेमात दोन्ही प्रकारचे विनोद आहेत. कुठला कुठला, ते मला आता ऐकताक्षणी कळतं.

आज खूप झोप येतेय. कित्येक दिवसांत आली नव्हती तशी.

तुझी
टिटवी

१२ एप्रिल

ताई,

माझा आवाज आला. माझा म्हणायचा म्हणून. आधी डॉक्टरीणबाईंपुढे ‘आ’ म्हणायला लावलं, तर रिकाम्या पिंपात दगड पडावा तसा आवाज निघाला. मी घाबरले. त्या म्हणाल्या, सुधारेल. सुधारला, पण वरचे सूर परत येतील याची त्यांनी खात्री दिली नाही. लहान मुली आणि पाखरं यांची कामं आता माझ्याकडून गेली. बाबा म्हणतात, टिटवीचं घुबड झालं. मला वाटलं होतं, असं काही झालं तर मी जिवंतपणी मरेन. तर तसं काही झालं नाही. सकाळी उठून दूधवाल्याला हाक मारली, तो इकडेतिकडे बघायला लागला, आणि मला एवढी मजा वाटली की मी पुन्हा मारली.

दिग्दर्शिकेने माझं आधीचं सगळं रेकॉर्डिंग काढून टाकलं. नव्या आवाजात राक्षसीण पहिल्यापासून केली. कानसेन म्हणाला, आता ती खरंच खाईल असं वाटतं. कोंड्याचं वाक्य या आवाजात म्हटलं तेव्हा तो हसला, पण आधी दचकला. बूथच्या काचेतून मला दोन्ही दिसलं.

परवा जवळच्या शाळेतली मुलं आणून त्यांना सिनेमा दाखवला. मोठी माणसं मागे बसली होती, ती राजपुत्राला हसली. मुलं हसली ती तेलाच्या बाटल्या घरंगळल्या तिथे. मी कडेला उभी राहून फक्त मुलांकडे बघत होते. कंगवा मोडला. पुढच्या रांगेतल्या एका मुलीने दोन्ही पाय उचलून खुर्चीवर घेतले आणि गुडघ्यांना मिठी मारली. तिच्या शेजारणीने तिचा फ्रॉक धरला. मग पडद्यावरच्या मुलीने बोटं पुढे केली, आणि फ्रॉक सुटला.

दिग्दर्शिका माझ्या शेजारी येऊन उभी राहिली होती. म्हणाली, ‘मावशी, ते वाक्य ठेवलं असतं तर ही मुलगी हसली असती.’ मी म्हटलं, ‘हो, आणि विसरली असती.’ ती म्हणाली, ‘मोठ्या मावशींना कळवा.’ कळवलं.

पुढच्या महिन्यात तो तुझ्याकडेही लागेल. नातीला घेऊन बघितलास तर बघ. नाही बघितलास तर मी अबोला धरणार नाही, नुकताच सोडलाय.

टिटवी (घुबड)

२० मे

ताई,

रविवारी तुझा फोन आला तेव्हा मी स्वयंपाकघरात होते आणि मुद्दाम बाहेर आले नाही. भाजीही घेतली नव्हती हातात. बाबांचं ‘हं, हं, बरं’ ऐकत उभी राहिले. फोन ठेवून ते आत आले, पाणी प्यायले, पेला विसळून ठेवला आणि मग तुझा निरोप सांगितला, ‘मोठी म्हणाली, तिला सांगा, गोष्ट आहे. बरी नाही, पण आहे.’

मी तो निरोप तीन वेळा सांगायला लावला. तिसऱ्या वेळेला ते वैतागले.

बरी नाही, हे मी मानून घेते. राजपुत्राची गाणी निम्मी कापायला हवी होती. हे मी दिग्दर्शिकेला सांगितलंही. ती म्हणाली, विचार करते. पण तुझी दुसरी तक्रार ऐकून मात्र मी ओट्याला टेकून हसले. सिनेमा बघून आल्यावर नातीने तुझ्याकडून गोष्ट मागितली. तू आपली सांगितलीस, आईची, सरळ. तर ती म्हणाली, ‘आजी, कोंडा राहिला.’ तू म्हणालीस, माझ्या गोष्टीत कोंडा नसतो. ती म्हणाली, ‘मग तुझी खोटी गोष्ट आहे. खरी मी बघितलीय.’

इतकी वर्षं जिने सगळ्या जगाला खरी गोष्ट कुठली ते शिकवलं, तिला साडेचार वर्षांच्या पोरीने बाद केलं. बाबा म्हणाले, पुढे मोठीने काय केलं ते विचार. मी विचारलं. ते म्हणाले, ‘घातला म्हणे तिने. एवढासा.’ आणि बोटांची चिमूट करून दाखवली.

ताई, तू गोष्टीत कोंडा घातलास, हे मी कुणाला सांगणार नाही. कानसेनला सांगितलं फक्त. त्याचा विश्वास बसला नाही.

शनिवारी तू नातीला घेऊन येतेयस हे त्यांनी सगळ्यात शेवटी सांगितलं, जाता जाता, जणू दळण आणायचं राहिलंय. तेव्हापासून ते मागची खोली झाडतायत. दोनदा झाडून झाली आहे. नातीसाठी कुठला पलंग, खिडकीकडचा की दाराकडचा, यावर आमचं भांडण चालू आहे, तू आल्यावर निकाल दे. पंखा आवाज करतो, तो चालवून घ्यावा लागेल. माणूस येणार येणार म्हणतो आणि येत नाही.

स्टेशनवर मी येईन. गर्दीत मी तुला आधी बघणार, मला माहीत आहे, कारण तू पिशव्या मोजत खाली बघत उतरतेस. मी लांबूनच हाक मारीन. तो आवाज तू अजून ऐकलेला नाहीस. कुणीतरी अनोळखी बाई घोगऱ्या आवाजात ‘ताई’ म्हणून ओरडतेय असं वाटेल. तरी वळून बघ.

टिटवी